गोचीड दिसली नाही, पण चट्टा वाढतोय: लाइमचं निदान वेळेत कसं करून घ्यावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मे महिन्यात पुण्याहून न्यू जर्सीला मुलाकडे आलेल्या ६३ वर्षांच्या आईंच्या गुडघ्यामागे तांबूस-जांभळट चट्टा आला. पाच दिवसांत तो रुपयाएवढ्याचा तळहाताएवढा झाला. खाज नाही, दुखत नाही. अंगात कणकण आहे, थकवा आहे. गोचीड चावल्याचं कुणालाच आठवत नाही. अर्जंट केअरमध्ये (आधी वेळ न घेता दाखवता येणाऱ्या दवाखान्यात) ‘काहीतरी किडा चावला असेल’ म्हणून स्टेरॉइडचं मलम दिलं आणि रक्ताची लाइम चाचणी केली, ती निगेटिव्ह आली. परतीचं तिकीट ऑक्टोबरचं आहे. आता पुढे काय करायचं?

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. हा चट्टा लाइमचाच, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या जिवाणूच्या संसर्गाचा, धरून आज किंवा उद्या पुन्हा डॉक्टरांना दाखवा. न्यू जर्सीत, उन्हाळ्यात, असा वाढत जाणारा चट्टा दिसला तर उपचार चट्टा पाहूनच सुरू करतात, रक्ताच्या रिपोर्टसाठी थांबत नाहीत. अमेरिकेतल्या संसर्गरोग, मेंदूविकार आणि सांधेविकार तज्ज्ञांच्या संघटनांनी २०२० साली मिळून जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही हेच आहे. पाचव्या दिवशीच्या निगेटिव्ह रिपोर्टचा इथे काही उपयोग नाही.

तो का नाही, हे समजलं की पुढचं बरंच सोपं होतं. ही चाचणी जिवाणू शोधत नाही. जिवाणूविरुद्ध आपल्या शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधते, आणि ती तयार व्हायला वेळ लागतो. आयजीएम प्रकारची साधारण एक-दोन आठवड्यांनी दिसू लागतात, आयजीजी चार ते सहा आठवड्यांनी. चट्टा मात्र चावल्यापासून ३ ते ३० दिवसांत, बहुतेकदा आठवड्याभरात उमटतो. म्हणजे कातडी आधी बोलते, रक्त नंतर. ताज्या चट्ट्याच्या दिवसांत निम्म्याहून जास्त रुग्णांची चाचणी निगेटिव्ह येते. त्यात प्रयोगशाळेची चूक नसते, चाचणी वेळेआधी केलेली असते. अर्जंट केअरमधला तो कागद ‘लाइम नाही’ असं सांगत नाही. ‘अजून प्रतिपिंडं दिसत नाहीत’ एवढंच सांगतो.

आता चट्ट्याकडे नीट पाहू. पुस्तकातल्या चित्रांमुळे लोक नेमबाजीच्या चकतीसारखी वर्तुळं शोधतात: मधे लाल ठिपका, भोवती फिकट कडं, त्याभोवती पुन्हा लाल. असा चट्टा येतो, पण अमेरिकेत तो कमी जणांत. बहुतेकांना सरसकट तांबडा, गोल किंवा लांबट, सपाट चट्टा येतो. आकार ५ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा, आणि दिवसागणिक वाढणारा. काही वेळा तो एक फुटापर्यंतही जातो. हात लावला तर किंचित कोमट लागतो, खाज आणि दुखणं फारसं नसतं. कधी मधोमध निळसर किंवा जांभळट झाक येते, क्वचित फोडही येतो. लाइमच्या दर दहा रुग्णांतल्या सात-आठ जणांना हा चट्टा येतो. उरलेल्यांना येत नाही, किंवा अशा जागी येतो की कुणी पाहत नाही.

आपल्या रंगाच्या कातडीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण चूक इथेच फार होते. गहूवर्णी किंवा सावळ्या अंगावर हा चट्टा सहसा ठळक लाल दिसत नाही. तो जांभळट, तपकिरी, मुका मार लागल्यासारखा दिसतो, आणि त्याची कड ट्यूबलाइटच्या उजेडात सापडतच नाही. दिवसा खिडकीशी उभं करा, उजेड समोरून न घेता बाजूने तिरका पडू द्या, मग कड दिसते. अमेरिकेत सावळ्या रुग्णांमध्ये लाइमचं निदान उशिरा होतं, याचं एक मोठं कारण म्हणजे डॉक्टरांनी शिकताना पाहिलेली चित्रं गोऱ्या कातडीची असतात. तेव्हा डॉक्टरांना स्पष्ट सांगा: ‘आईची कातडी अशीच आहे, तिच्या अंगावर लाल रंग असाच दिसतो, आणि हे रोज वाढतंय.’

वाढतंय हे दाखवण्याची एक साधी रीत आहे आणि ती फार कामाची आहे. बॉलपेनने चट्ट्याच्या कडेवर बारीक रेघ काढा, बाजूला तारीख आणि वेळ लिहा. शेजारी शिवणकामाची टेप किंवा नाणं ठेवून दिवसाच्या उजेडात फोटो काढा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच जागी पुन्हा फोटो. चोवीस तासांत रेघेच्या बाहेर सगळ्या बाजूंनी सेंटिमीटरभर रंग सरकलेला दिसला, तर त्या दोन फोटोंतून डॉक्टरांना जे कळतं ते दहा मिनिटांच्या वर्णनातून कळत नाही. पण या प्रयोगापायी उपचार लांबवू नका. तुमच्याकडे पाच दिवसांची वाढ आधीच आहे. फोनमध्ये पहिल्या दिवसाचा एखादा फोटो असेल तर शोधून ठेवा.

ज्यांच्याशी याची गल्लत होते ते विकार असे. कुठलाही किडा चावला, अगदी गोचीडसुद्धा, की पहिल्या एक-दोन दिवसांत नाण्याएवढी लाल, खाजरी गाठ येते आणि ओसरते. ती ॲलर्जी, लाइम नव्हे. गजकर्णाची कड उंचावलेली आणि खवल्यांची असते, खाज भरपूर आणि वाढ आठवड्यांच्या हिशेबाने. लाइमच्या चट्ट्यावर बोट फिरवलं तर कातडी गुळगुळीत लागते. अंगावर पित्त उठतं तेव्हा एकेक गांधी चोवीस तासांत जागा बदलते. सेल्युलायटिस, म्हणजे कातडीचा आणि तिच्याखालचा जिवाणूंचा संसर्ग, तासातासाने पसरतो, चटका बसेल इतका गरम असतो आणि हात लावू देत नाही. नागिणीला पाण्याच्या फोडांचे घोस येतात, आग होते, आणि ती अंगाच्या एकाच बाजूला राहते.

त्या मलमाबद्दल. लाइमचा चट्टा काहीही न करता तीन-चार आठवड्यांत आपोआप विरतो. त्यामुळे मलम लावलेला माणूस म्हणतो, ‘मलमाने गुण आला.’ कातडी स्वच्छ होते, पण जिवाणू तोवर रक्तातून सांधे, नसा आणि हृदयापर्यंत पोचलेला असू शकतो. ऑक्टोबरात पुण्याला परतल्यावर गुडघा सुजला, तर उन्हाळ्यातल्या त्या चट्ट्याची आठवणही कुणाला राहत नाही. माझ्या मते लाइममधला हाच सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे.

गोचीड दिसली नाही याची काळजी करू नका. निदानासाठी ती दिसायलाच हवी असं नाही. हा आजार पसरवणारी काळ्या पायांची गोचीड, जिला तिकडे हरणगोचीड म्हणतात, मे ते जुलैत पिल्लावस्थेत असते. तेव्हा तिचा आकार खसखशीच्या दाण्याएवढा असतो. पूर्ण वाढलेली मादी तिळाएवढी. चावताना दुखत नाही, आणि रक्त पिऊन झालं की आपणहून गळून पडते. काखा, जांघा, गुडघ्यामागची लवण, बेंबी, कानामागची जागा, केसांची मुळं, कमरेला नाडी बसते ती रेघ, या तिच्या आवडीच्या जागा. आईंचा चट्टा गुडघ्यामागे आहे, म्हणजे अगदी नेमक्या जागी. संसर्गाला हरीण जबाबदार नाही. पिल्लू गोचिडीला जिवाणू मिळतो तो मुख्यत्वे पांढऱ्या पायांच्या उंदरांकडून. त्यामुळे ‘आम्ही जंगलात गेलोच नाही’ हे उत्तर पुरेसं नाही. घरामागच्या लॉनची झाडीला लागलेली कड, पाचोळ्याचा ढीग, लाकडांची रास, पार्कातली पायवाट, एवढं पुरतं. भारतातून आलेले आईवडील बरोबर याच महिन्यांत येतात, सकाळी स्लीपर घालून झाडांना पाणी घालतात, संध्याकाळी नातवंडांबरोबर गवतात बसतात. डॉक्टरांनी ‘हायकिंगला गेला होता का?’ विचारलं की ‘नाही’ म्हणून मोकळे होतात. तेव्हा बागेचं न विचारता सांगा.

तरीही भूगोल महत्त्वाचा आहे. हा आजार कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया अशा ईशान्येकडच्या राज्यांत आणि वर विस्कॉन्सिन-मिनेसोटाकडे दाटलेला आहे. न्यू जर्सीतही हंटरडन, ससेक्स, वॉरन या डोंगराळ, झाडीच्या काउंट्यांत (जिल्ह्यांत) जास्त. टेक्सास किंवा ॲरिझोनात राहून, कुठेही न जाता असा चट्टा आला तर आधी दुसरी कारणं पाहावी लागतात. दक्षिण न्यू जर्सीत पाठीवर पांढरा ठिपका असलेली लोन स्टार नावाची गोचीडही बरीच आहे. तिच्या चाव्यानेही जवळपास असाच चट्टा येतो, पण ती लाइम पसरवत नाही. तिच्यामुळे काहींना मटण-बीफची उशिरा चढणारी ॲलर्जी जडते. गोचीड सापडली असती तर ती कोणत्या जातीची हे ओळखून घेण्याचा फायदा हा.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर पाच-सहा ओळी लिहून न्या: चट्टा पहिल्यांदा दिसल्याची तारीख, वाढीची मापं, त्याआधीच्या ३० दिवसांत कुठे-कुठे राहिलो आणि बागेत-गवतात किती वेळ गेला, ताप किती, चालू औषधांची यादी, कोणत्या औषधाची ॲलर्जी. भारतातून आणलेल्या कॅल्शियम, लोह आणि पित्ताच्या गोळ्याही यादीत हव्यात, कारण त्यांचा औषधावर परिणाम होतो. पूर्ण अंग तपासायला सांगा. एका चाव्यातूनही अंगावर अनेक चट्टे येतात, आणि तसं दिसलं तर जिवाणू रक्तातून पसरला असा अर्थ होतो. मग सरळ विचारा: ‘हा एरिथेमा मायग्रन्स असू शकतो का? नसेल तर कशामुळे नाही?’ चट्ट्याचं हे वैद्यकीय नाव तोंडात असलं की संभाषण लवकर मुद्द्यावर येतं. कुटुंबाच्या डॉक्टरांची वेळ आठवड्याने मिळत असेल, तर दुसरं अर्जंट केअर किंवा व्हिडिओवरून फोटो पाहणारे डॉक्टरही हे काम करू शकतात. व्हिजिटर इन्शुरन्सची मंजुरी नंतर पाहा. गोळ्या जेनेरिक आहेत, साध्या दुकानात मिळतात.

उपचार सोपा आहे. चट्ट्याच्या टप्प्यावर मोठ्यांना डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १० दिवस. ते चालत नसेल तर अमॉक्सिसिलिन किंवा सेफ्युरॉक्सिम १४ दिवस. गरोदर स्त्रीला सहसा अमॉक्सिसिलिन देतात. औषध आणि मात्रा डॉक्टर ठरवतील. घरच्यांनी सांभाळायचं ते वेगळं. डॉक्सिसायक्लिनची गोळी घोटभर पाण्याबरोबर घेऊन लगेच आडवं झालं, की ती अन्ननलिकेत चिकटते आणि तिथे जखम करते. मग गिळताना छातीत जळतं. पूर्ण पेलाभर पाणी, आणि नंतर किमान अर्धा तास बसून राहायचं. रात्रीची गोळी जेवणानंतर घ्यावी, झोपायच्या क्षणी नको. कॅल्शियम, लोह, ॲसिडिटीची गोळी यांच्यापासून दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर औषध आतड्यातच अडकतं. या दिवसांत ऊन पटकन भाजतं, म्हणून पूर्ण बाह्या आणि टोपी. पहिल्या चोवीस तासांत ताप आणि अंगदुखी एकदम वाढली तर घाबरून औषध बंद करू नका. मरणाऱ्या जिवाणूंमुळे काही जणांना असं होतं आणि दिवसभरात ओसरतं. घसा आवळणं, ओठ सुजणं, गांधी उठणं हे मात्र ॲलर्जीचं लक्षण, त्यासाठी तातडीने इमर्जन्सी.

गोळ्या सुरू होऊन दोन दिवस झाले तरी ताप उतरला नाही, किंवा सुरुवातीपासूनच १०२-१०३ चा ताप आणि थंडी असेल, तर लाइमच्या जोडीला दुसरं काही आहे का पाहावं लागतं. तीच गोचीड एका चाव्यात ॲनाप्लाज्मा हा जिवाणू आणि बॅबेसिया हा परजीवीही देऊ शकते. साधा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि यकृताची चाचणी इथे बोलकी ठरते: पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी, यकृताची एन्झाइम वाढलेली, तर ॲनाप्लाज्माचा संशय. तो डॉक्सिसायक्लिननेच बरा होतो. बॅबेसिया त्याने बरा होत नाही. बॅबेसिया तांबड्या पेशींत राहतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याची कडी थेट मलेरियासारखी दिसते. त्यामुळे अमेरिकेहून नुकताच परतलेला, पांथरी काढलेला किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेला माणूस भारतात तापाने दाखल झाला आणि स्मिअरवर, म्हणजे काचेवर पसरून तपासलेल्या रक्ताच्या थेंबात, ‘मलेरिया’ आला, तर बॅबेसियाचं नाव डॉक्टरांच्या कानावर घाला.

हे झालं चट्टा दिसलेल्याचं. चट्टा दिसलाच नाही किंवा दुर्लक्षित राहिला, तर आजार आठवड्यांनी, महिन्यांनी दुसऱ्या वाटेने पुढे येतो, आणि तिथे रक्ताची चाचणी आवश्यक ठरते. तोंड एका बाजूला वाकडं होणं, कधी दोन्ही बाजूंनी; बरेच दिवस टिकणारी डोकेदुखी, मानेत ताठरपणा; मणक्यापासून हातापायात उतरणारी, रात्री वाढणारी कळ, हे नसांचं. भोवळ, धडधड, दम लागणं, चालता-चालता कोसळणं, हे हृदयाचं. हृदयाला बाधा फार थोड्यांना होते, पण ती जिवावर बेतू शकते. म्हणून अशा तक्रारीला त्याच दिवशी ईसीजी. त्यात पीआर अंतर (हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत विद्युत संदेश पोचायला लागणारा वेळ) ३०० मिलिसेकंदांच्या वर असेल तर रुग्णाला दाखल करून सतत मॉनिटरवर ठेवतात आणि शिरेतून औषध देतात. लाइमचा हा हार्ट ब्लॉक, म्हणजे हृदयातल्या विद्युत संदेशाला आलेला अडथळा, उपचाराने सहसा दिवसांत-आठवड्यांत सुटतो, पेसमेकर लागलाच तर तात्पुरता पुरतो. परत गेल्यावर महाराष्ट्रात कुणाला असा ब्लॉक निघाला आणि कायमच्या पेसमेकरची भाषा सुरू झाली, तर ‘उन्हाळ्यात न्यू जर्सीला होतो’ हे वाक्य शस्त्रक्रियेआधी सांगितलं गेलं पाहिजे.

सगळ्यात जास्त दिसतो तो गुडघा. एक गुडघा भोपळ्यासारखा सुजतो, आत पाणी भरतं, पण सुजेच्या मानाने दुखणं कमी असतं. माणूस चालतो. सूज येते, जाते, पुन्हा येते. या आजाराचा शोधही गुडघ्यांवरूनच लागला. १९७५ च्या सुमारास कनेक्टिकटमधल्या लाइम, ओल्ड लाइम या गावांत लहान मुलांना एकामागून एक संधिवात व्हायला लागला. पॉली मरी या एका आईने आजाऱ्यांची टिपणं करून आरोग्य खात्याकडे पाठपुरावा केल्यावर ॲलन स्टीअर या सांधेविकारांच्या डॉक्टरांनी तपास हाती घेतला. जिवाणू सापडायला आणखी काही वर्षं गेली. १९८२ साली विली बुर्गडॉर्फर हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो जाहीर केला, आणि त्यांच्याच नावावरून तो बोरेलिया बर्गडॉर्फेरी झाला. तो स्पायरोकीट आहे, मळसूत्रासारखा पिळदार, मुंबईच्या पुरानंतर सगळ्यांना माहीत झालेल्या लेप्टोच्याच गटातला.

चाचणीचे दोन टप्पे असतात. पहिला गाळणीचा, एलायझा या नेहमीच्या प्रतिपिंड-चाचणीसारखा. तो पॉझिटिव्ह किंवा संशयास्पद आला तरच दुसरा करायचा: जुन्या पद्धतीत वेस्टर्न ब्लॉट, आणि २०१९ पासून मान्य झालेल्या पद्धतीत वेगळ्या जातीची दुसरी एलायझा. दोन्ही टप्पे जुळले तरच निदान. ब्लॉटच्या रिपोर्टवर पट्ट्यांचे आकडे असतात; एकेक पट्टी म्हणजे जिवाणूच्या एकेका प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं. आयजीएमसाठी ३ पैकी २ पट्ट्या लागतात, आयजीजीसाठी १० पैकी ५. एखाद-दुसरी पट्टी म्हणजे ‘थोडा लाइम’ नव्हे. त्यातली ४१ क्रमांकाची पट्टी तर जिवाणूच्या शेपटीतल्या प्रथिनाची आहे. आपल्या तोंडा-आतड्यात निरुपद्रवी जिवाणू असतात, त्यांचीही शेपटी तशीच, म्हणून ती कित्येक निरोगी माणसांत उमटते.

आयजीएमचा नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. लक्षणं सुरू झाल्यापासून पहिल्या ३० दिवसांतच त्याला अर्थ. त्रास दोन-तीन महिन्यांचा आहे, आयजीएम पॉझिटिव्ह आणि आयजीजी निगेटिव्ह, असं आलं तर तो आयजीएम बहुधा खोटा असतो. खऱ्या लाइमच्या गुडघ्यात आयजीजी ठणठणीत पॉझिटिव्ह येतो, पाचाहून कितीतरी जास्त पट्ट्या असतात. तिथे आयजीजी निगेटिव्ह असेल तर गुडघ्याचं कारण दुसरीकडे शोधायचं. सिफिलिस, ग्रंथींचा ताप आणणारा एपस्टीन-बार विषाणू, ल्युपस, आमवात यांतही चाचणी चुकून पॉझिटिव्ह येऊ शकते. चट्टा संशयास्पद असेल, डॉक्टरांची खात्री पटत नसेल आणि पहिली चाचणी लवकर केलेली असेल, तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरा नमुना द्यायचा. मात्र मधल्या काळात अँटिबायोटिक घेतलं असेल, तर प्रतिपिंडं पुरेशी तयार होत नाहीत आणि दुसराही नमुना निगेटिव्ह येऊ शकतो. म्हणून आईंच्या बाबतीत उपचार झाल्यावर ‘खात्रीसाठी’ चाचणी करण्यात अर्थ नाही. निगेटिव्ह आली तर लाइम नव्हता असं ठरत नाही, पॉझिटिव्ह आली तर आजार बरा झाला नाही असंही नाही. एकदा तयार झालेली प्रतिपिंडं वर्षानुवर्षं राहतात.

लघवीतला लाइम अँटिजेन, सीडी-५७ पेशींची मोजणी, ‘जिवंत रक्ताचं’ सूक्ष्मदर्शन असल्या चाचण्या महागड्या आहेत आणि निदानासाठी प्रमाणित नाहीत. त्यांवर पैसे घालू नका. गोचीड प्रयोगशाळेत पाठवून तिच्यात जिवाणू आहे का हे पाहण्यावरही उपचार ठरवत नाहीत: गोचिडीत जिवाणू असला तरी तो माणसात उतरलाच असं नाही.

आता महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी उलट बाजू. परदेशी न गेलेल्या माणसाला तापाच्या किंवा मुंग्या येण्याच्या मोठ्या पॅकेजमध्ये लाइम आयजीएमही तपासला जातो, आणि तो किंचित पॉझिटिव्ह आला की घर हादरतं. गणित करून पाहा. समजा चाचणी शंभर निरोगी माणसांत दोघांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते. जिथे लाइम नाही तिथल्या हजार जणांना ती केली तर वीस पॉझिटिव्ह येतील, आणि वीसच्या वीस खोटे. अमेरिकेतली ती काळ्या पायांची गोचीड भारतात नाही. सिंधुदुर्गात किंवा गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात गोचीड चावून ताप आला तर लाइमआधी माकडतापाचा विचार करायचा. त्याचा विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडला, आणि गेल्या दशकात हा आजार या भागात दिसला आहे. त्याला अँटिबायोटिक चालत नाही. पावसाळ्यात-हिवाळ्याच्या तोंडावर ताप आणि अंगावर कुठेतरी सिगरेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली असेल, तर तो स्क्रब टायफस, आणि तिथे डॉक्सिसायक्लिन लवकर सुरू होणं जीव वाचवतं. ती खपलीही काखेत, जांघेत, स्तनाखाली लपलेली असते. कपडे बाजूला करून पाहिल्याशिवाय सापडत नाही.

जर्मनीत किंवा युरोपात इतरत्र राहणाऱ्यांसाठी एवढंच: तिकडे लाइम आहे, पण जिवाणूच्या वेगळ्या जाती आहेत, चट्टा जास्त सावकाश वाढतो आणि मधून विरत जाणारं कडं जास्त दिसतं. तिकडच्या गोचिडीतून मेंदूज्वराचा एक विषाणूही येतो, त्याची लस मिळते. लाइमची लस वेगळी आणि ती सध्या वापरात नाही. अमेरिकेत १९९८ मध्ये आलेली लस २००२ मध्ये मागे घेतली गेली.

घरात दुसऱ्या कुणाच्या अंगावर गोचीड चिकटलेली सापडली तर काय करायचं, हेही याच उन्हाळ्यात लागेल. बारीक टोकाचा चिमटा घ्या. तिचं फुगलेलं पोट पकडू नका. कातडीला टेकून, तोंडाजवळ पकडा आणि न पिळता, एकसारख्या जोराने सरळ वर ओढा. दोन-चार सेकंद कातडी तंबूसारखी वर येते आणि मग सुटते. घाईने हिसका दिला तर तोंडाचा भाग आत तुटतो. तो सहज निघाला तर काढा, नाहीतर राहू द्या, कातडी त्याला बाहेर टाकते. व्हॅसलीन, नेलपॉलिश, रॉकेल, पेटती काडी यांतलं काही करू नका, त्रासलेली गोचीड पोटातलं आत ओकू शकते. जागा साबणाने धुवा, गोचीड चिकटपट्टीत किंवा अल्कोहोलच्या बाटलीत ठेवा, फोटो काढा. जिवाणू माणसात उतरायला सहसा २४ तासांहून जास्त चिकटून राहावं लागतं. म्हणून रोज रात्री अंग तपासणं आणि बागेतून आल्यावर दोन तासांत अंघोळ करणं उपयोगी आहे. कपडे धुण्याआधी कोरडेच ड्रायरमध्ये दहा मिनिटं कडक उष्णतेवर फिरवा.

काळ्या पायांच्याच जातीची गोचीड, लाइमच्या पट्ट्यात चावलेली, ३६ तास किंवा जास्त चिकटलेली (रक्ताने फुगलेली असेल तर तसं धरतात), आणि काढून ७२ तास व्हायचे असतील, तर डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅमची एकच मात्रा देतात. मुलांना वजनाप्रमाणे, किलोला ४.४ मिलिग्रॅम. ही मात्रा चावा सापडल्यावर घ्यायची असते. चट्टा आलेल्या माणसाला ती पुरत नाही, म्हणून आईंना एका मात्रेवर परत पाठवलं तर ते मान्य करू नका.

दहा दिवसांच्या गोळ्यांनंतर चट्टा आठवडाभर रेंगाळला, थकवा दोन-चार आठवडे राहिला, तर ते अपेक्षित आहे. काही जणांना, साधारण पाच ते दहा टक्के लोकांना, थकवा आणि अंगदुखी महिनोन्महिने राहते. तो त्रास खरा असतो, मानसिक म्हणून झटकू नये. पण त्यासाठी महिनोन्महिने अँटिबायोटिक दिल्याने फायदा होत नाही आणि अपाय होतो, हे चाचण्यांमधून स्पष्ट झालं आहे. तिथे थायरॉइड, रक्तक्षय, मधुमेह, झोप हे सगळं पुन्हा तपासावं लागतं. पूर्ण बरं झाल्यावरही लाइम पुन्हा होऊ शकतो, पुढच्या वर्षी नवी गोचीड चावली तर नवा चट्टा येतो.

ऑक्टोबरच्या विमानाआधी आईंच्या फाइलमध्ये या गोष्टी घाला: रेघ आणि टेप दिसणारे फोटो छापून, कोणती काउंटी आणि कोणते आठवडे, औषधाचं नाव-मात्रा-दिवस, चाचणीचे सगळे कागद. पुढच्या वर्षभरात गुडघा सुजला, तोंड वाकडं झालं किंवा भोवळ आली, तर पुण्यातल्या डॉक्टरांसमोर ही फाइल पहिल्याच भेटीत ठेवा. गुडघ्यातलं पाणी काढलं तर त्याचा थोडा भाग लाइमच्या पीसीआरसाठी (जिवाणूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीसाठी) राखून ठेवायला आधीच सांगा. सगळं फेकून दिल्यावर तो मिळत नाही.